होळीच्या आधीची भरती

"आधीच्या मॅडम गेटची कडी उलटी लावायच्या. तुम्हाला जमेल का?"

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. भाडं, डिपॉझिट, पाहुणेरावळे, यातलं काही नाही, थेट कडी. मी म्हटलं, "जमेल. पण उलटी का?"

"कुत्र्याला तीच सवय आहे," ते म्हणाले. "आणि दुधाचं भांडं कट्ट्यावर डाव्या बाजूला ठेवायचं. टाकी भरून वाहायला लागली की खिडकीतून 'बंद' असं ओरडायचं. 'पाणी, पाणी' ओरडलात तर मी येणार नाही. आधीच्या मॅडम 'बंद'च ओरडायच्या." मग जरा थांबून, उदार होऊन म्हणाले, "याच्यावर तुम्हाला जास्तीचं काय येत असेल ते खुशाल करा. आमची हरकत नाही."

माझी नेमणूक तलासरीच्या एका शाळेत, गणिताची शिक्षिका म्हणून. खोली मात्र मी मसोलीत बघत होते, कारण डहाणू रोड स्टेशन तिथून चालत जाता येतं आणि मला अधूनमधून आईकडे पळायचं होतं. दोन खोल्या आधीच हातच्या गेल्या होत्या. अशा वेळी माणूस फार चोखंदळ राहत नाही. तरी मनात आलंच, की हा गृहस्थ भाडेकरू शोधत नाहीये, मशीनचा सुटा भाग शोधतोय. तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "घाबरू नका हो. वेडे नाहीत, कॉम्प्युटरवाले आहेत." त्या काकू. दुसऱ्या दिवशी मी सामान आणलं.

काका तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. उंच, काटकुळे, घरात कायम खाकी हाफ पँट आणि वर बाहीचा बनियन, आणि बनियनला खिसा नसल्यामुळे स्क्रूड्रायव्हर कानावर. सुतार पेन्सिल ठेवतो तसा. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून स्क्रूड्रायव्हर डाव्या कानावर. चांगला कान मोकळा हवा, असं त्यांचं म्हणणं. डहाणूच्या बंदरावरच्या मासेमारी करणाऱ्या घरातला हा मुलगा शिकून मुंबईला गेला आणि नोकरीची सगळी वर्षं त्याने एका मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटर विभागात काढली. आधी खोलीएवढी मशीनं, मग कपाटाएवढी. कपाटाएवढ्यांना 'मिनी' म्हणत, हे सांगताना काका दरवेळी नव्याने हसायचे.

त्यांचं एक वाक्य मसोलीत सगळ्यांना पाठ होतं. दुकानदाराने कुठलीही वस्तू दाखवून "चालेल, काका" म्हटलं, की हे म्हणणार, "चालतं का, ते नका सांगू. तसंच चालतं का?"

मिक्सरचीच गोष्ट घ्या. काकूंचा जुना मिक्सर जळला. भांडी शाबूत. काका तिन्ही भांडी पिशवीत घालून डहाणू रोडच्या बाजारात निघाले, आणि मी भाजी घ्यायला म्हणून बरोबर गेले, ही माझी चूक. दुकानामागून दुकान. प्रत्येक ठिकाणी पिशवीतून भांडं काढायचं, नव्या मिक्सरवर बसवून बघायचं, बसलं नाही की दुकानदाराकडे असं बघायचं की जणू त्याने फसवलंय. शेवटी एक गुजराती दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, नवा मिक्सर घ्या ने! एनी साथे तीन जार फ्री छे. जुना काय करायचा?"

"भांडी आहेत माझ्याकडे."

"पण नवी फ्री छे!"

"फुकट असली म्हणून काय झालं? तिला या भांड्यात खोबरं किती मावतं ते हाताला माहीत आहे," काका म्हणाले. दुकानदाराने हात टेकले. पुढे दोन आठवडे घरी पाट्यावर वाटण झालं, आणि वाटलं कोणी, तर काकांनी. काकू बाजूला स्टुलावर बसून चहा पीत होत्या.

कुत्रा तर त्यांचा आदर्श होता. तो त्या घरातला तिसरा मोती. पहिल्या मोतीला ज्या आज्ञा कळत त्याच दुसऱ्याला शिकवल्या, त्याच तिसऱ्याला. 'टेबल' म्हटलं की टेबलाखाली, 'पोस्ट' म्हटलं की गेटवर. हा तिसरा शेजारच्या वाडीत खेळून खेळून गुजरातीही समजायला लागला होता. 'बेस' म्हटलं तरी बसायचा. काकांना त्याचं कोण कौतुक! "बघा मॅडम, याला म्हणतात कम्पॅटिबल. जुन्या सगळ्या सूचना पाळतो आणि वर दोन जास्तीच्या. माझ्या नोकरीत अशी मशीनं फार थोडी भेटली."

हे कम्पॅटिबल प्रकरण नेमकं काय, ते मला त्यांनी चिकूच्या झाडाखाली बसून समजावलं होतं. आमच्या परसात सहा-सात झाडं होती, सगळी रायणीच्या खुंटावर कलम केलेली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने कलमाचा सांधा दाखवला. "खाली रायण, वर चिकू. जमलं म्हणून फळ लागलं. वर आंबा बांधून बघा, काय होतं ते."

"आंबा मरेल," मी म्हटलं.

"मशीनचं तेच व्हायचं. आज तुम्ही फोन बदलता आणि नव्यावर सगळं जुनं उघडतं. तेव्हा तसं नव्हतं हो! प्रत्येक मशीनची भाषा निराळी. 'बेरीज कर' सांगायला एकाला बाराचा आकडा द्यायचा, दुसऱ्याला चाळीसचा. मशीन बदललं की वर्षानुवर्षं लिहिलेले प्रोग्राम टाकून द्या आणि पहिल्यापासून लिहा. माणसं रडायची अक्षरशः. मग एका परदेशी कंपनीने लहान, मध्यम, मोठी अशी मशीनंच काढली सगळी एका भाषेची. लहानावर लिहा, मोठ्यावर चालवा. आपला बाजार बघा ना. घरी कोणी वारली बोलतं, कोणी गुजराती, आमची मंडळी त्यांचंच काहीतरी बोलतात. पण बाजारात 'कसे दिले' म्हटलं की सगळ्यांना कळतं. म्हणून बाजार चालतो."

इतकं छान समजावलं, की मी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच उदाहरण दिलं. पोरांना काही कळलं नाही, पण चिकू आवडला.

आता काकूंविषयी. ठेंगण्या, गोऱ्या, चष्म्याच्या काचा जाड, बोलणं कमी. पण त्यांचंही एक वाक्य होतं. घरात काहीही बिघडलं, आमटी लागली, मोटर बंद पडली, गॅस भर स्वयंपाकात संपला, की काका काही बोलायच्या आत त्या म्हणायच्या, "प्रोग्राम माझाच असेल." शांतपणे. आणि हे ऐकलं की काका कानावरचा स्क्रूड्रायव्हर काढून कुठलातरी घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करायला निघून जायचे. मला वाटायचं, नवरा-बायकोची काहीतरी जुनी थट्टा असेल.

ती थट्टा नव्हती, हे मला बायने सांगितलं. बाय म्हणजे काकांची थोरली बहीण. ऐंशीच्या पुढची, तरी मासळीची पाटी घेऊन बंदरावरून रिक्षाने यायची, आणि भावाच्या ओट्यावर बसून अर्धी पाटी तिथेच विकायची. एकदा काकू "प्रोग्राम माझाच असेल" म्हणाल्या आणि काका पसार झाले, तेव्हा बाय इतकी हसली की बोंबील हातातून सुटला.

"अजून जिरलं नाय का गं तुझं?" तिने काकूंना विचारलं.

"जिरेल कशाला?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग बाय माझ्याकडे वळली. "तुला ठाव नाय? मग ऐक."

तर झालं होतं असं. काकू मूळच्या मुंबईच्या आणि त्याच संस्थेत प्रोग्राम लिहायच्या. लग्न होऊन पहिल्यांदा डहाणूला आल्या तेव्हा त्यांनी बघितलं, की घरातलं जेवणखाण, झोपणंउठणं सगळं भरती-ओहोटीवर चालतं. त्यांनी सासऱ्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला. डहाणूच्या खाडीत वर्षभर कुठल्या दिवशी किती वाजता भरती, ते मशीनमधून छापून निघायचं. सासरे आयुष्यभर तिथीवरून भरती सांगणारे. पण सुनेने आपल्यासाठी कागद आणला याचा त्यांना असा काही अभिमान, की त्यांनी तो भिंतीवर लावला आणि आल्यागेल्याला दाखवला. दोन वर्षं कागद तंतोतंत बरोबर निघाला. काकूंना पुढे झाईपासून वसईपर्यंत एकेका बंदराची भरती काढायची होती. संस्थेतले साहेबही तयार होते.

मग संस्थेत नवीन मशीन आलं. जुन्याशी शंभर टक्के कम्पॅटिबल, जुने सगळे प्रोग्राम जसेच्या तसे चालणार, अशी खात्री दिली काकांनी. ते मशीन त्यांच्याच ताब्यात होतं. काकूंचा पुढच्या वर्षीचा कागद त्या मशीनवर निघाला, आणि माघी चतुर्थीला साहेब सहकुटुंब डहाणूला आले. कागदात सकाळी नवाला भरती. सातला सगळे होडीत बसले, खाडीत आतपर्यंत जाऊन यायचं म्हणून.

"पाणी उतरत व्हतं," बाय म्हणाली. "सुकती लागलेली ढळढळीत दिसत व्हती. मी बोलली, बाबा, पाणी चाललंय. बाबा बोलला, गप बस! सूनबायच्या कागदात नवाला भरती हाय. चढंल आता. जन्म गेला त्याचा दर्यावर, आणि सुनेच्या कागदापुढे डोळ्याला दिसतं ते मानायला तयार नाय!"

आठला होडी चिखलात बसली. खाडी कोरडी. साहेबांची पांढरी पँट, त्यांच्या बाईंची रेशमी साडी, आणि चारी बाजूंना गाळ. दुपारपर्यंत सगळी मंडळी तशीच. बायच्या सांगण्याप्रमाणे साहेबांनी तेवढ्या वेळात टोपलीतले सगळे भाजलेले बोंबील संपवले आणि मग विचारलं, "हे असं झालंच कसं?"

"आणि आमचा हा शाणा," बायने भाऊ गेला त्या दिशेने हात केला, "बोलला, मशीन एकदम बरोबर हाय साहेब. प्रोग्राम हिचा हाय."

एवढंच. प्रोग्राम बंद झाला. झाई, वसई, सगळं बारगळलं. काकूंना पगारपत्रकांच्या कामावर टाकलं आणि निवृत्त होईपर्यंत त्या तेच करत राहिल्या. स्वतःचं म्हणून पुन्हा काही लिहिलं नाही. मला ऐकून असा राग आला काकांचा, की त्या संध्याकाळी टाकी भरून वाहायला लागली तेव्हा मी मुद्दाम 'पाणी, पाणी' म्हणून ओरडले. ते खरंच आले नाहीत.

पण गंमत अशी, की काकांनाही ते जिरलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच उद्योग चालू होता. लॅपटॉपवर ते त्या जुन्या मशीनची नक्कल करत होते. आपल्याकडे बोहाड्यात मुखवटे लावून देवाचं सोंग घेतात तसं लॅपटॉपने जुन्या मशीनचं सोंग घ्यायचं; जुन्याला जी सूचना दिली की जे व्हायचं, तेच इथे व्हायला पाहिजे. जुनं मशीन भंगारात गेलेलं, पण त्याचं मॅन्युअल काकांकडे होतं. एकेक सूचना वाचून ते सोंग सजवत होते. लॅपटॉप फार भराभर उत्तरं देतो म्हणून त्यांनी त्याला मुद्दाम हळू केलं होतं. छपाईचा खडखडाट येत नाही म्हणून स्वतः पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवायचे.

"कशासाठी एवढं?" मी एकदा विचारलं. अजून फुरंगटलेलीच होते.

"निकाल लावायचाय," ते म्हणाले. "तिचा प्रोग्राम, एक भोक न बदलता, जुन्या मशीनवर चालवून बघायचा. मग कळेल चूक कोणाची."

भोक म्हणजे, त्या काळी प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवत. काकूंनी ती गुंडाळी बिस्किटांच्या डब्यात, डांबराच्या गोळ्या घालून जपली होती. काकांनी मागितल्यावर त्यांनी डबा दिला, पण म्हणाल्या, "वाचा तुमची तुम्ही." त्यांना ती भोकं पेपरासारखी वाचता यायची, आणि काकांना मोतीबिंदू. मग काय, मॅडम आहेतच! अख्खा पावसाळा मी तलासरीहून यायची, चहा प्यायची आणि ओट्यावर बसून पट्टी उजेडाकडे धरून वाचायची, "भोक, कोरं, भोक, भोक, कोरं..." आणि काका लॅपटॉपवर टिपायचे. आधीच्या मॅडमनी हे केलं होतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नाही. ही तुमची जास्तीची सूचना."

काकू दाराशी बसून चवळीच्या शेंगा मोडायच्या. मी चुकले की नुसतं "अंहं" करायच्या. बघायच्याही नाहीत माझ्याकडे. मी परत वाचायची आणि खरंच चुकलेलं असायचं.

दिवाळीच्या सुट्टीत एकदाचं सगळं भरून झालं. सकाळी काकांनी आंघोळ करून, चक्क शर्ट घालून लॅपटॉप उघडला. त्या चिखलाच्या वर्षाची माघी चतुर्थी. डब्यावर बोटं वाजायला लागली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. ओळी खाली सरकत गेल्या, आणि चतुर्थीची ओळ आली. भरती, नऊ वाजता.

म्हणजे तीच चूक. जुन्या मशीनच्या सोंगावरही तेच. याचा अर्थ काकाच बरोबर होते आणि प्रोग्रामच चुकलेला होता.

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं उड्या मारतील. तर बोटं डब्यावर तशीच थांबलेली आणि चेहरा एवढासा झालेला.

"जिंकलात की," मी जरा कुत्सितपणेच म्हटलं.

"जिंकलो कसला, मॅडम," ते म्हणाले. "मला वाटत होतं तिचंच बरोबर निघेल. एवढी वर्षं मी तेच धरून चाललो होतो." आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. बिचाऱ्याने पंधरा-सोळा वर्षं खपून मशीन उभं केलं होतं ते स्वतः हरण्यासाठी, आणि ते मेलं त्याला जिंकवून बसलं.

मग मला एक साधी गोष्ट सुचली, आणि ती आजवर कोणाला सुचली नाही याचं आश्चर्य वाटलं.

"काका, जुन्या मशीनवर दोन वर्षं बरोबर कसं येत होतं मग?"

"तेच तर कळत नाही! मॅन्युअल शब्द न् शब्द पाळलंय मी."

"अहो, पण प्रोग्राम लिहिणारी बाई आत पोहे करतेय. तिला विचारा की!"

काका माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी काहीतरी फारच अवघड सांगितलंय. मग उठले. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागोमाग होतेच, असला प्रसंग कोण सोडतंय?

"अगं," काका म्हणाले, "जुन्या मशीनवर तुझी भरती बरोबर कशी यायची?"

काकूंचा झारा थांबला. त्यांनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि चष्मा नीट केला. पण बोलल्या त्या माझ्याशी.

"मॅडम, यांचे बाबा म्हणायचे, होळीचं उधाण बघावं आणि वर्ष ओळखावं. म्हणून मी तास मोजले ते होळीपासून. होळीचा दिवस लागतो ती मध्यरात्र म्हणजे शून्य. पुढचे तास अधिक, मागचे उणे. आता होळीच्या आदल्या दिवशीचे दुपारचे तीन म्हणजे किती?"

"उणे नऊ तास."

"त्याला चोविसाने भागा. दिवस किती, बाकी किती?"

"एक दिवस मागे, आणि वर पंधरा तास," मी म्हटलं. "म्हणजे आदला दिवस, दुपारी तीन."

"जुनं मशीन असाच भागाकार करायचं. मॅन्युअलमध्ये मात्र निराळं होतं. भागाकार शून्य, बाकी उणे नऊ. म्हणजे होळीचाच दिवस आणि उणे नऊ वाजता. आता छापताना तासाला उण्याचं चिन्ह कोण देतं? नऊ छापलं जाणार." त्यांनी काकांकडे पहिल्यांदा बघितलं. "जुन्या मशीनची ती चूकच होती. पण आम्ही काम मशीनवर करायचो, पुस्तकावर नाही. मी मशीन जे करतं त्यावर प्रोग्राम लिहिला."

काका तिथल्या पिठाच्या डब्यावर मट्कन बसले. "आणि नव्या मशीनवाल्यांनी पुस्तक बघून मशीन बनवलं," ते स्वतःशीच म्हणाले. "जुनं मशीन बघून नाही. मीही तेच केलं आत्ता... पण मी ताडून बघितलं होतं गं! मे महिन्याचं पान, अक्षर न् अक्षर जुळलं होतं."

"मे महिना होळीनंतर येतो," काकू म्हणाल्या.

"आणि पुनवेला, अवसेला कोणालाच कसं कळलं नाही?"

"तेव्हा भरती बाराच्या सुमाराला. बारा तास पुढून मोजा नाहीतर मागून, बाराच. मधल्या तिथ्यांना घोळ."

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"जुनं मशीन माहीत होतं. नवीन तुमच्या ताब्यात होतं. त्या दिवशी चिखलात मी म्हणणार होते, की उण्याचा भागाकार एकदा बघा. तेवढ्यात तुम्ही साहेबांना म्हणालात, प्रोग्राम हिचा आहे."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?" काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "पुस्तकात काय लिहिलंय ते चाळीस वर्षं ऐकवलंत मला. मी ठरवलं होतं, विचारतील तेव्हा सांगीन. आज विचारलंत." आणि त्यांनी गॅस परत मोठा केला, कारण पोहे गार होत होते.

काका बाहेर गेले आणि सोंगातला भागाकार बदलला. त्या मशीनला त्याची जुनी चूक परत दिली. डब्यावर बोटं वाजली. चतुर्थीची भरती दुपारी पावणेचार. कागदावरचे नऊ म्हणजे आदल्या दिवशीचे दुपारचे तीन होते. त्यांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. पोहे खाताना काकूंनी काकांच्या ताटलीत न मागता खोबरं वाढलं, हे मी बघितलं.

मला वाटलं संपलं. पण काकांचं तसं नसतं. माघी चतुर्थी येईपर्यंत ते थांबले. या वर्षीची भरती प्रोग्रामने पुन्हा पावणेचारच्या आसपास सांगितली, तेव्हा त्यांनी बंदरावरच्या पुतण्याला होडी काढायला लावली, बायला बोलावलं, मला शाळेतून लवकर निघायला लावलं, आणि लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतला. काकू नको म्हणत होत्या. "चिखलात बसायची हौस फिटलीय माझी," म्हणाल्या. तरी आल्या. साडी मात्र रेशमी नेसल्या.

पाणी चढत होतं. होडी खाडीत आतपर्यंत सुखाने गेली. एका वळणावर बायने पाण्यात बोट दाखवलं, "हितंच! हितंच बसलो व्हतो," आणि काकांनी पुतण्याला इंजिन बंद करायला सांगितलं. मग ते उभे राहिले. होडी डुलली, काकूंनी त्यांची पँट धरली.

"प्रोग्राम बरोबर होता," काका म्हणाले. "मशीन जुळत नव्हतं. जुळतंय, असं मी सांगितलं होतं. चूक माझी."

काकूंनी पाण्याकडे बघत विचारलं, "साहेब कुठायत ऐकायला?"

"साहेब गेले गं. झाली की दहा-बारा वर्षं."

"मग मोठ्याने सांगा."

काका पुन्हा म्हणाले, घसा ताणून. काठावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी माना वर करून बघितलं. एकीने हातसुद्धा हलवला, आणि बायने तिला ओरडून सांगितलं, "काय नाय गं, माझा भाऊ हाय!" मग काकांनी तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"पुरे आता, बसा खाली. पडाल," काकू म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला आणि परत लावला. "आणि तो लॅपटॉप घरी गेल्यावर मला द्या. झाईची भरती काढायची राहिलीय."

घरी जाईपर्यंत काका थांबले नाहीत. त्यांनी पिशवी तिथेच काकूंच्या मांडीवर ठेवली.